देवदत्ताच्या घरावरील कावळा

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याच्या हेतूने छापलेली जी पुस्तके आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खपत आली आहेत, त्यांच्या रचनेत सहसा फरक पडलेला दिसत नाही: प्रथम शब्द, त्याच्यासमोर त्याची व्याख्या अथवा मराठी प्रतिशब्द, आणि खाली तो शब्द योजून दाखविणारे एखादे वाक्य. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि वाक्यावरून नुसती नजर फिरवितो. कारण व्याख्या म्हणजे अर्थ, आणि वाक्य म्हणजे त्या अर्थाचा वानगीदाखल दिलेला नमुना, अशी त्याची आणि बहुधा त्याच्या शिक्षकांचीही समजूत असते. ही समजूत कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणखात्याच्या अखत्यारीतला वाटतो. परंतु आपल्या दर्शनकारांनी तो शतकानुशतके ज्या निकराने लढविला, त्यावरून त्यांना तो इतका किरकोळ वाटत नव्हता, हे उघड आहे. शब्दाचा अर्थ मनुष्यास पहिल्याने कळतो तो कशाने, याच्या उत्तरावर श्रुतीतील ब्रह्मविषयक वाक्यांना स्वतंत्र अर्थ आहे की नाही, हे ठरावयाचे होते. आणि ज्यावर मोक्षाचा निकाल लागावयाचा तो प्रश्न कोणीही शाळामास्तरांवर सोपवून निजू शकत नाही.

शब्दाच्या ठिकाणी असलेल्या अर्थबोधाच्या शक्तीचे ज्ञान होण्याचे, म्हणजे शक्तिग्रहाचे, आठ मार्ग नैयायिकांनी गणले आहेत, आणि विश्वनाथ पंचाननाच्या सिद्धान्तमुक्तावलीमुळे ती गणना पाठशाळांतून सर्वतोमुखी झाली. व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती आणि सिद्धपदाचे सान्निध्य हे ते आठ. आजच्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकाचा कर्ता यांतील निदान तीन मार्ग, त्यांची नावे कानांवर न पडताही, चोखाळीत असतो: प्रतिशब्द देतो तेव्हा तो कोशाचे काम करतो, व्याख्या करतो तेव्हा विवृतीचे, आणि उदाहरणाचे वाक्य देतो तेव्हा सिद्धपदसान्निध्याचे. या शेवटच्या मार्गाचा शास्त्रातील दाखला मोठा रमणीय आहे. आंब्याच्या झाडावर पिक मधुर गातो आहे, असे कोणी म्हणाले, आणि ऐकणाऱ्याला ‘पिक’ हा एक शब्द सोडून बाकीचे सर्व शब्द ठाऊक असले, तर आंबा, गाणे आणि माधुर्य या ओळखीच्या मंडळींच्या शेजारामुळेच तो अपरिचित पाहुणा कोकीळ असला पाहिजे, हे त्याला कळते. वाक्यशेषाची कथा याहून गंभीर आहे, कारण ती यज्ञातील द्रव्याची आहे. ‘यव’ या शब्दाने काही लोक लांब कुसळांचे धान्य समजत, तर काही राळे समजत. यज्ञात नेमके काय घालावे याचा निवाडा कोशावर न सोपविता मीमांसकांनी त्याच प्रकरणातील पुढच्या मजकुराकडे बोट दाखविले. इतर वनस्पती म्लान होतात त्या काळी ही टवटवीत उभी असते, असे तेथे वर्णन आहे, आणि ते सातूला लागू पडते. शब्दाचा निकाल शब्दाने दिला नाही. तो वाक्याच्या उरलेल्या भागाने दिला.

या आठांत अग्रपूजेचा मान मात्र व्यवहाराचा. त्याचे जे चित्र शास्त्रकार रंगवितात ते असे: एक वडीलधारा मनुष्य दुसऱ्या प्रौढ मनुष्यास ‘गाय आण’ म्हणून सांगतो, तो दुसरा उठून जातो आणि एक चतुष्पाद प्राणी घेऊन येतो, जवळ बसलेले, अद्याप भाषा न कळणारे मूल हे सारे पाहत असते. पुढे ‘गाय बांध’ असा हुकूम होतो, मग ‘घोडा आण’ असा. एक शब्द काढला आणि दुसरा घातला की कृतीतील कोणता अंश बदलतो आणि कोणता कायम राहतो, हे पाहता पाहता मूल एकेका शब्दाचा वाटा वेगळा काढते. या काढघालीला मीमांसक आवाप आणि उद्वाप म्हणतात. हॅरल्ड पामर या इंग्रज शिक्षणशास्त्रज्ञाने १९१६ साली परभाषा शिकणाऱ्यांसाठी शंभर कोष्टके छापली; त्यांत वाक्याची एक चौकट कायम ठेवून तिच्या एकेका घरात निरनिराळे शब्द घालीत जावे, म्हणजे वाक्यांमागून वाक्ये तयार व्हावीत, अशी तजवीज होती. त्याने कुमारिल आणि प्रभाकर वाचले असतील असे मानण्यास काही आधार नाही. परंतु पार्थसारथी मिश्रासारख्या मीमांसकाच्या हाती ती कोष्टके दिली असती, तर त्याने आश्चर्याने भुवई उंचावली असती असे मला वाटत नाही.

हाच पामर पुढे जपानात गेला, आणि १९२३ साली तोक्योत इंग्रजीच्या अध्यापनावर संशोधन करणारी एक संस्था त्याच्या पुढाकाराने उभी राहिली. त्या परंपरेत वावरलेल्या ए. एस. हॉर्न्बीने गेटन्बी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसह परकीय विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचा जो कोश सिद्ध केला, तो तोक्योच्या कैताकुशा या प्रकाशनगृहाने १९४२ साली, म्हणजे जपान आणि ब्रिटन एकमेकांची जहाजे बुडवीत असताना, प्रसिद्ध केला. १९४८ साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने पुन्हा छापला, आणि पुढे आपल्या महाविद्यालयांतील मुलांच्या बगलेत जो जाडजूड कोश दिसू लागला त्याचा मूळपुरुष हाच. त्यापूर्वीचे बहुतेक कोश इंग्रजी येणाऱ्यांसाठी रचलेले असत. या कोशाने शब्द वाक्यात कसा बसतो, क्रियापदाच्या मागून काय येऊ शकते आणि काय येऊ शकत नाही, हे दाखविणाऱ्या छोट्या छोट्या वाक्यांना व्याख्येच्या पंक्तीला आणून बसविले.

मग व्याख्येचे काय? तिची हेटाळणी करण्याचा माझा हेतू नाही, आणि नैयायिकांच्या देशात ती करता येणारही नाही. कारण लक्षण कसे असावे याचा विचार त्यांच्याइतक्या काटेकोरपणे फार थोड्यांनी केला आहे. अन्नंभट्टाने तर्कसंग्रहावरील आपल्या दीपिकेत गायीलाच पुढे घेऊन लक्षणाचे तीन दोष सांगितले: कपिल वर्ण हे गायीचे लक्षण म्हटले तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती, शिंगे असणे म्हटले तर म्हशी आत शिरतात, ही अतिव्याप्ती, आणि एकसंध खूर म्हटले तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडी असणे, हे निर्दोष लक्षण. आता ज्याने जन्मात गाय पाहिली नाही अशा मनुष्याला हे निर्दोष लक्षण देऊन पाहावे. त्याला गायीची कल्पना तर येत नाहीच, पण ती कातडी म्हणजे काय, ती कुठे आणि कशी लोंबते, असा नवा प्रश्न मात्र त्याच्यापुढे उभा राहतो. लक्षणाचे प्रयोजन इतरांपासून व्यावर्तन करणे आणि व्यवहार चालविणे हे आहे, असे शास्त्रकार स्वतःच सांगतात; म्हणजे गाय आणि म्हैस दोन्ही ज्याच्या परिचयाच्या आहेत, त्याच्या मनात घोटाळा होऊ नये म्हणून लक्षण. व्याख्या ही सनद खरी, परंतु जमिनीच्या तंट्यात सनद वाचण्यापूर्वी शहाणा मामलेदार प्रत्यक्ष वहिवाट कोणाची आहे याची चौकशी करतो.

या अडचणीतून सुटण्याचा एक चातुर्याचा प्रयत्न, योगायोगाने, आपल्याच तेव्हाच्या अविभाजित देशात अंकुरला. मायकेल वेस्ट हा इंग्रज अधिकारी हिंदुस्थानच्या शिक्षणसेवेत असून ढाक्यास अध्यापकांच्या शिक्षणाचे काम पाहत होता. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून काय करावे, याचा त्याने प्रयोगपूर्वक अभ्यास केला; त्यावरील त्याचा ग्रंथ १९२६ साली निघाला. कोशात एक अवघड शब्द पाहावा तो त्याच्या व्याख्येत दोन अवघड शब्द आढळावेत, ते पाहावेत तो चार, हा अनुभव ज्या मुलांना नित्याचा होता त्यांच्यासाठी त्याने आणि एन्डिकॉटने १९३५ साली असा कोश काढला की, त्यातील सुमारे २४,००० नोंदींचे विवरण अवघ्या १,४९० शब्दांत केलेले होते. विद्यार्थ्याने एवढे शब्द आत्मसात करावेत, म्हणजे बाकीचे सारे दालन त्याला खुले. युक्ती फलद्रूप झाली आणि पुढील कोशकारांनी ती उचलली. परंतु तत्त्वाच्या दृष्टीने पाहता वेस्टने प्रश्न सोडविला नाही, त्याला फक्त एका जागी कोंडले. ते १,४९० शब्द कसे कळावयाचे? तेही व्याख्येने म्हटले तर चक्रक दोष येतो; आणि व्याख्येने नव्हे म्हटले, तर साऱ्या व्याख्यांची इमारत अशा पायावर उभी आहे की ज्याची स्वतःची व्याख्या कोणी केलेली नाही, हे कबूल करावे लागते.

येथपर्यंत वाद विद्वानांचा आहे. धर्माचा संबंध येतो तो येथून पुढे. प्रभाकर मीमांसकांनी बालकाच्या उदाहरणातून एक असा सिद्धान्त काढला की त्याने वेदान्त्यांची झोप उडावी. मुलाला शब्दार्थ कळतो तो हुकूम आणि त्याची तामिली पाहून. अर्थात शब्दाची शक्ती केवळ वस्तूत नाही, ती कार्याशी, काहीतरी करावयाचे आहे या गोष्टीशी, निगडित अशा वस्तूत आहे. म्हणून वेदाचा अर्थ विधींत आहे: हे करा, हे करू नका. ज्या वाक्यात करण्यासारखे काहीच नाही, जे केवळ अमुक आहे एवढेच सांगते, ते एखाद्या विधीचे शेपूट झाल्याखेरीज सार्थ होऊ शकत नाही. आता ब्रह्म तर सिद्ध वस्तू आहे; ते आणावयाचे नाही, बांधावयाचे नाही, घडवावयाचेही नाही. मग उपनिषदांतील ती सारी वाक्ये, ज्यांच्यासाठी संन्याशांनी घरदार सोडले, ती भाषेच्या नियमानेच निरर्थक ठरावयाची! मुलाने शब्द कसे शिकावे, या पाळण्याजवळच्या प्रश्नाने मोक्षाच्या मुळावर घाव घातला.

वेदान्त्यांचे उत्तर त्याच पाळण्याजवळून आले. शंकराचार्यांनी समन्वयाधिकरणाच्या भाष्यात असा दाखला दिला की, ही दोरी आहे, साप नव्हे, एवढे वाक्य ऐकून भ्यालेल्या मनुष्याचे भय नाहीसे होते. त्याने काही करावे लागत नाही, आणि तरी वाक्य सार्थ होते. पुढच्यांनी आणखी एक उदाहरण पुढे केले: ‘तुला मुलगा झाला’ हे ऐकताच बापाचे मुख उजळते, आणि जवळचा अनभिज्ञ मनुष्य त्या उजळलेल्या मुखावरून वाक्याचा अर्थ ताडतो. येथे हुकूम कुठे आहे? प्रतिपक्षाने यावर आक्षेप घेतला की आनंदाची कारणे अनेक असू शकतात, तेव्हा नुसत्या मुद्रेवरून मुलगा झाला की वतन मिळाले हे कसे समजावे. आणि तो आक्षेप, प्रामाणिकपणे बोलावयाचे तर, अजिबात पोकळ नाही. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात आणखी वेगळी वाट धरली. त्यांच्या मते आईबाप मुलाला जवळ घेऊन बोटाने दाखवितात, ही आई, हा बाप, हा मामा, तो चंद्र, तो पक्षी. असे वारंवार झाले म्हणजे शब्द आणि वस्तू यांचा संबंध मुलाला आपोआप लागतो. या आचार्यांनी मुलांचे निरीक्षण अधिक आस्थेने केले होते असे ते प्रकरण वाचताना वाटत राहते, निदान त्यांच्या चित्रात कोणी कोणाला गायी आणावयास पिटाळीत नाही.

ऑगस्टीन या ख्रिस्ती संताने आपल्या आत्मनिवेदनात स्वतःच्या बाळपणाचे वर्णन याच धर्तीवर केले आहे, आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या विट्गेन्श्टाइनच्या तत्त्वचिंतनपर ग्रंथाचा आरंभ त्याच उताऱ्याच्या परीक्षणाने होतो. विट्गेन्श्टाइन हा केवळ विद्यापीठीय पंडित नव्हता. १९२० ते १९२६ या काळात त्याने ऑस्ट्रियातील खेड्यांच्या प्राथमिक शाळांत शिक्षकी केली, आणि मुलांसाठी शब्दांचा एक छोटा कोश १९२६ साली छापून घेतला, ज्यात शब्द आहेत पण व्याख्या बहुतेक नाहीत. ऑगस्टीनवर त्याचा आक्षेप असा: या चित्रातील मूल हे मूल नसून परक्या देशात आलेला प्रवासी आहे, त्याला एक भाषा आधीच येते, फक्त या देशाची येत नाही. बोट दाखविले असता ते रंगाकडे आहे, आकाराकडे आहे की वस्तूकडे, हे ज्याला समजते त्याला अर्धी भाषा आलीच म्हणावयाची.

हा आक्षेप बालकाच्या बाबतीत कितपत बरोबर आहे ते मानसशास्त्रज्ञांनी पाहावे. माझ्या विषयाला त्याचा उपयोग उलट बाजूने होतो. सातारच्या किंवा सावंतवाडीच्या शाळेत बसून इंग्रजी शब्द शिकणारा मुलगा हाच तो परक्या देशात आलेला प्रवासी. त्याला मराठी येते. जगातील वस्तूंचे, नात्यांचे आणि भावनांचे वाटप त्याच्या मनात एकदा झालेले आहे. म्हणून व्याख्या त्याच्या बाबतीत काहीतरी काम करू शकते, जे ती तान्ह्या मुलाच्या बाबतीत करू शकत नाही. परंतु त्याच कारणाने ती त्याला फसवितेही. आपल्याकडील वाटपावर तो इंग्रजी शब्दांची नावे चिकटवीत जातो, आणि इंग्रजीने त्याच भूमीची मोजणी वेगळ्या बांधांनी केलेली असू शकते, हे व्याख्या त्याला कधी सांगत नाही. वृद्धांचा व्यवहार त्याला पाहावयास मिळत नाही; ‘गाय आण’ म्हणणारे कोणी त्याच्याभोवती नाही. त्या गैरहजर वृद्धांच्या जागी त्याच्यापाशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे व्याख्येखाली छापलेले ते वाक्य.

त्या वाक्याचे स्वरूप काय, हे सांगण्यास वेदान्ताचाच एक भेद मला सर्वांत सोयीचा वाटतो. लक्षण दोन प्रकारचे: स्वरूपलक्षण आणि तटस्थलक्षण. वस्तूच्या ठायी सदैव असणारा धर्म सांगितला तर ते स्वरूपलक्षण. देवदत्ताचे घर कोणते असे विचारणाऱ्यास, ते पाहा, ज्यावर कावळा बसला आहे ते, असे सांगितले तर ते तटस्थलक्षण. कावळा हा घराचा अंश नाही, तो घराविषयी काहीही सांगत नाही, आणि घटकाभराने उडूनही जाणार आहे. तरीही त्याच्यामुळे विचारणारा नेमक्या घरापाशी पोहोचतो, आणि एकदा पोहोचल्यावर त्याला कावळ्याची गरज राहत नाही. ब्रह्मसूत्रकारांनी जिज्ञासेची प्रतिज्ञा केल्यावर लगेच दुसऱ्या सूत्रात ब्रह्माचे लक्षण दिले, ते जगाच्या जन्मादिकांचे कारण म्हणून, अर्थात तटस्थच. सत्य, ज्ञान, अनंत ही स्वरूपाची ओळख श्रुतीत असताना त्यांनी आरंभ कावळ्यापासून केला, याचे कारण मला असे दिसते की, ज्याने घर कुठे आहे हेच पाहिले नाही, त्याला घराच्या आतील रचनेचे वर्णन ऐकविण्यात हशील नाही.

उदाहरणाचे वाक्य हा असाच कावळा आहे. इंग्रजीतील ‘रिलक्टंट’ या शब्दाची व्याख्या अनिच्छुक अशी पाठ केली तरी अनिच्छेच्या असंख्य छटांपैकी कोणती, हे कळत नाही; पण म्हाताऱ्याने पाहुण्याला फाटकापर्यंत पोहोचविले आणि मग ‘रिलक्टंट’ मनाने त्याचा हात सोडला, एवढे वाक्य वाचले की, जे करावयाचे ते माणूस करतो, फक्त पाऊल मागे रेंगाळते, ही त्या शब्दाची जागा दिसते. म्हातारा, पाहुणा, फाटक हे सारे कावळे. पुढच्या वाक्यात ते नसतील. तेथे एखादा साक्षीदार न्यायाधीशासमोर उत्तर देण्यास नाखूश असेल. दोन-चार कावळे बसून उडाले म्हणजे मग व्याख्या वाचावी. तेव्हा ती खरोखर उपयोगी पडते, कारण तेव्हा व्यावर्तन करण्यासारखे काही हाताशी आलेले असते. आपल्या पुस्तकांतून हा क्रम उलटा आहे आणि आपल्या परीक्षांतून तर विपरीत आहे: तेथे विद्यार्थ्याला कावळाच पाठ करावयास लावतात.

‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न त्याची साक्ष देईल. वर्गात शिकविताना जे वाक्य दिले तेच उत्तरपत्रिकेत उतरवावे आणि पुरे गुण मिळवावेत, हा राजमार्ग झाला. आणि ज्यांना तेवढेही स्मरत नाही अशा काही चतुरांनी एक चोरवाट शोधून काढली आहे, ती अशी की, गुरुजींनी फळ्यावर अमुक शब्द लिहिला, एवढे वाक्य ठोकून द्यावे. वाक्य शुद्ध आहे, शब्द त्यात आला आहे, आणि शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्यास ठाऊक असण्याची काहीएक आवश्यकता नाही. परीक्षक चिडतात, पण हा मुलगा अजाणता पाणिनीच्या बाजूने बोलत असतो. कारण शास्त्रात शब्दाने त्याचे स्वतःचे रूपच घ्यावे, अर्थ घेऊ नये, असे पाणिनीनेच एका सूत्रात सांगून ठेवले आहे. व्याकरणाच्या दप्तरात ही सोय रास्त आहे. जेथे शब्दाने वस्तूकडे जावयाचे तेथे मात्र ती पळवाट होते, आणि धर्माच्या प्रांतात किती जण याच पळवाटेने आयुष्यभर वावरतात, हे एखाद्या कीर्तनाच्या मंडपात अथवा चर्चच्या बाकावर बसून कोणीही पाहावे: शब्द उच्चारला जातो, वाक्य शुद्ध असते, आणि तो शब्द केवळ स्वतःचे रूप सांगून थांबतो.

कोशातील वाक्याबद्दल आणखी एक शंका आहे, आणि ती मला अधिक अवघड वाटते. वाक्यापासून बोध होण्यास वक्त्याचे तात्पर्य कळावे लागते, असे नैयायिक म्हणतात. आता हॉर्न्बीच्या कोशातील वाक्य कोण कोणाला म्हणाला? कोणी नाही. तो म्हातारा नव्हता, पाहुणा नव्हता, फाटकही नव्हते. मग पोपटाच्या बोलण्यात आणि यात फरक काय? नैयायिकांनी पोपटाचाही विचार सोडलेला नाही. पोपटाला तात्पर्य नसते आणि तरी त्याच्या वाक्याने ऐकणाऱ्यास अर्थ कळतो, हा पेच त्यांनी असा सोडविला की, तेथे तात्पर्य ईश्वराचे मानावे. आणि पोपट खोटे बोलत असेल तर ते तात्पर्य त्याला पढविणाऱ्याच्या माथी मारावे. ईश्वराच्या वाट्याला सत्य आणि शिकविणाऱ्याच्या वाट्याला असत्य, ही वाटणी वाचून हसू येते खरे; तथापि कोशातील प्रत्येक बनावट वाक्यामागे एक पढविणारा उभा आहे, ही गोष्ट तीत अचूक पकडली आहे.

हा पढविणारा कोण असतो? सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, त्यात ४२,००० हून अधिक शब्द आणि सुमारे १,१४,००० अवतरणे होती. त्याने वाक्ये बनविली नाहीत, ग्रंथांतून वेचली. परंतु अवतरणाने शब्दाचा अर्थ दाखवून थांबू नये, त्याने वाचकाला आणखीही काही द्यावे, अशी आपली आरंभीची इच्छा होती, हे त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. धर्मोपदेशकांची प्रवचने त्याने मुबलक घेतली, आणि हॉब्जची तत्त्वे पसंत नसल्यामुळे त्याला उद्धृत करणे टाळले, असे त्याच्या परिचितांनी नमूद केले आहे. कोशाच्या दुसऱ्या खंडास हात घालताना, पत्नीच्या मृत्यूला वर्षभर झाले असता, १७५३ च्या एप्रिलात त्याने लिहिलेली प्रार्थना उपलब्ध आहे; आजवर ज्याने या श्रमात आधार दिला त्याच्याकडेच तो पुढचे बळ मागतो. आमच्या मराठीच्या बाबतीतही ही गोष्ट सहज विसरली जाते की १८३१ साली आणि नंतर वाढवून १८५७ साली जो मोल्सवर्थचा कोश निघाला, त्याच्या कर्त्याने लष्करी पेशा सदसद्विवेकाला पटेना म्हणून सोडला होता. आणि त्या कोशाचा संक्षेप करणारे बाबा पदमनजी स्वतः धर्मांतराच्या अग्नीतून गेलेले होते. यांनी शब्दांची निवड पक्षपाताने केली असे मी म्हणत नाही, मोल्सवर्थवर तर असा आरोप कृतघ्नपणाचाच होईल. इतकेच की आप्तवाक्याचा विचार कोशाच्या बाबतीत सुटत नाही. १९८७ साली बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअरने जो कोश सिद्ध केला त्यात, बनविलेले दाखले नकोत, लोक प्रत्यक्ष बोलले-लिहिले तेच द्यावे, असा बाणा होता. शास्त्राच्या भाषेत त्याने पढविणाऱ्याला रजा देऊन वृद्धव्यवहार परत बोलाविला. पण लक्षावधी वाक्यांतून नेमके हेच का उचलले, असे विचारताच पढविणारा मागच्या दाराने आत आलेला आढळतो.

उपनिषदांत पढविणारा लपत नाही. तो बापच आहे. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सर्व वेद पढून, ताठ मानेने परतला. शब्दांचा संग्रह त्याच्यापाशी भरपूर होता. उद्दालक आरुणीने त्याला एकच प्रश्न विचारला आणि तो गडबडला. त्यानंतरच्या शिकवणुकीत ते सुप्रसिद्ध महावाक्य नऊ वेळा येते, अक्षराचाही फरक न होता, आणि दर वेळी त्याच्या आधीचे उदाहरण बदललेले असते: निरनिराळ्या फुलांचा रस एक होऊन झालेला मध, समुद्रात मिळालेल्या नद्या, घाव घातलेला वृक्ष, वडाच्या बीजात न दिसणारे काही, पाण्यात विरलेले मीठ, डोळे बांधून गांधार देशातून आणून सोडलेला मनुष्य, मरणोन्मुखाभोवती जमलेले आप्त, तापलेली कुऱ्हाड हाती घेणारा आरोपी, इत्यादी. पामरच्या कोष्टकात चौकट कायम राहते आणि आतील शब्द बदलतात. येथे वाक्य मुळीच हलत नाही, त्याच्या भोवतालचे जग तेवढे बदलत जाते. नवव्या उपदेशापर्यंत प्रत्येक वेळी श्वेतकेतूचे म्हणणे एकच, की मला आणखी समजावून सांगा. व्याख्या पाठ करणाऱ्यांच्या शाळेत अशा विद्यार्थ्याला मंद म्हटले असते, कारण वाक्यातील तिन्ही पदांचे अर्थ त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक होते आणि ती पदे त्या वयाच्या कोणालाही ठाऊक असतात. आरुणीने मात्र एकदाही, तुला मघाशी सांगितले ना, असे म्हटले नाही. नवव्या उदाहरणानंतर त्याला कळले, एवढे उपनिषद नमूद करते. ते कोणत्या उदाहरणाने कळले, याचा तपशील तेथे नाही, आणि तो असता तर पुढच्या पिढ्यांनी बाकीची आठ गाळून तेवढेच एक पाठ केले असते, याविषयी आपल्या पाठशाळांचा आणि शाळांचा इतिहास पाहता मला फारशी शंका वाटत नाही.